चरित्र की गौरवगाथा?
डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या जीवनकथेचे एक वाचन

१

२७ डिसेंबर हा दिवस आम्हा धर्मगुरूंच्या पंचांगात संत योहान शुभवर्तमानकाराचा. नाताळची धावपळ ओसरलेली असते, गोठ्यावर पसरलेले गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि सकाळच्या मिस्सेला मोजकीच माणसे असतात. आमच्या अमरावती जिल्ह्यात मात्र त्याच सकाळी गावोगावच्या शाळांतून ध्वनिक्षेपक सुरू होतात. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा तो जन्मदिवस. वेदीवर मी योहानाचे शुभवर्तमान वाचत असतो आणि खिडकीतून भाऊसाहेबांच्या कार्याची यादी ऐकू येत असते. इतक्या वर्षांत या दोन आवाजांची मला सवय होऊन गेली आहे.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील दहावीची एक मुलगी आपल्या भाषणाची वही घेऊन माझ्याकडे आली. शुद्धलेखन तपासून द्यावे, एवढीच तिची विनंती होती. भाषण चांगले होते, म्हणजे अशी भाषणे असतात तसेच होते. पापळ गावी जन्म, घरची बेताची परिस्थिती, विलायतेस प्रयाण, बॅरिस्टर आणि डॉक्टरेट, अंबाबाई मंदिराचा सत्याग्रह, शिवाजी शिक्षण संस्था, संविधान सभा, केंद्रीय कृषिमंत्रिपद, निधन. मी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून वही परत दिली. ती घेऊन मुलगी दारापर्यंत गेली, थबकली आणि म्हणाली, "फादर, यायचं कधी काही चुकलंच नसन काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. त्यानंतर भाऊसाहेबांवरील जी चरित्रे, स्मरणिका आणि गौरवग्रंथ हाती आले ते मी वाचले, आणि त्यांबरोबर त्यांचा स्वतःचा प्रबंध व संविधान सभेच्या कामकाजाचे छापील खंडही पाहिले. या वाचनातून जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. मी इतिहासकार नव्हे. परंतु संतचरित्रे वाचण्यात आणि सांगण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला चरित्र आणि गौरवगाथा यांतील भेद थोडाफार कळतो.

२

हा भेद आपल्या धर्मपरंपरेलाही सहजासहजी उमगलेला नाही. मध्ययुगीन संतचरित्रांत बालसंत शुक्रवारी दूध पीत नाहीत, जन्मतःच हात जोडतात, आणि त्यांचा मृतदेह सुगंध पसरवतो. अशा कथांना कंटाळून सतराव्या शतकात जाँ बोलाँ आणि त्यांचे येशूसंघीय सहकारी जुनी हस्तलिखिते तपासू लागले. त्यांच्या संतचरित्रकोशाचे पहिले खंड १६४३ साली निघाले. त्याच्याही आधी, १५८७ साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी संतपदाच्या चौकशीत एक अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली होती. लोक त्याला थट्टेने 'सैतानाचा वकील' म्हणत. ज्याला संत म्हणून जाहीर करावयाचे त्याच्या आयुष्यातील उणिवा, विसंगती आणि संशयास्पद जागा समोर आणणे हे त्याचे कर्तव्य. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही प्रक्रिया बदलली आणि त्या पदाचे पूर्वीचे महत्त्व कमी झाले. पण त्यामागचे तत्त्व विसरण्यासारखे नाही. प्रश्न विचारल्याने पावित्र्य कमी होत नाही, अशी श्रद्धा असल्याशिवाय असे पद कोणी निर्माण करणार नाही.

शुभवर्तमानेच पाहा ना. आद्य शिष्य पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा आपल्या गुरूला नाकारतो, ही हकिकत चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवली आहे. पेत्राच्या मोठेपणासाठी ती गाळणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी गाळली नाही, म्हणून पेत्र आपल्याला आपला वाटतो. मराठीपुरते बोलायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा आपल्या ख्रिस्ती साहित्याचा मानदंड आहे. रेव्हरंड टिळकांचा तापट आणि लहरी स्वभाव लक्ष्मीबाईंनी झाकला नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या पुस्तकातून टिळकांवरील प्रेम ओसंडून वाहते.

या मापाने भाऊसाहेबांची जीवनकथा मोजली तर काय दिसते?

३

दिसते ती एक शिडी. २७ डिसेंबर १८९८ रोजी सध्याच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळ येथे शामराव आणि राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी जन्म ही तिची पहिली पायरी. कारंजा लाड आणि अमरावती येथील शालेय शिक्षण, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२० साली इंग्लंड, एडिंबरो आणि ऑक्सफर्ड, १९२६ साली स्वदेशागमन या पुढच्या. १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद, १९३० च्या अखेरीस मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्रिपद, १९३१-३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था, पुढे संविधान सभेचे सदस्यत्व, १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रात कृषी खात्याचे मंत्रिपद, १९५५ साली भारत कृषक समाज, १९५९-६० साली दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन, आणि १० एप्रिल १९६५ रोजी निधन.

यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि एकेक गोष्ट एकेका माणसाच्या आयुष्याला पुरली असती. तक्रार आहे ती सांगण्याच्या पद्धतीविषयी. या कथेत क्रियापदे मोजकीच आहेत: स्थापन केले, उद्घाटन केले, भूषविले. 'शिक्षणमहर्षी' आणि 'कृषिमहर्षी' या दोन उपाध्या एकदा लावल्या की पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. माणूस एका निर्णयापाशी अडला, दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडताना दुसरी त्याच्या हातून सुटली, आप्तांचा किंवा मित्रांचा रोष त्याने पत्करला, असे प्रसंग आलेच तर एका वाक्यात उरकले जातात.

उदाहरणार्थ, मुलाच्या विलायतेच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढले, जमीन अडकवली, हे बहुतेक ठिकाणी येते. ते पित्याच्या त्यागाचे उदाहरण म्हणून येते आणि तेथेच संपते. पण वऱ्हाडातील कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात सावकाराचे कर्ज म्हणजे काय, हे येथल्या वाचकाला सांगावे लागत नाही. बोंड फुटण्याआधी घेतलेल्या पैशाचे व्याज कापूस विकल्यावरही फिटत नाही. त्या कर्जावर शिकलेला मुलगा मंत्री झाला आणि त्याच्या मंत्रिपदाच्या काळात, १९३३ साली, मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा झाला. धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून कर्जाची तडजोड करणाऱ्या मंडळांची तरतूद त्यात होती. पापळची गहाण जमीन आणि नागपूरच्या कौन्सिलातील कायदा यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे. आपली चरित्रे या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात, आणि तो मधला माणूस दिसेनासा होतो.

४

भाऊसाहेबांच्या प्रबंधाचीही हीच गत झाली आहे. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्याचा विषय. १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो प्रसिद्ध केला आणि विख्यात संस्कृतज्ञ आर्थर बेरिडेल कीथ यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. चरित्रांत त्याचा उल्लेख 'डॉक्टरेट मिळविली' एवढ्यापुरता असतो. पुस्तकात काय आहे, हे कोणी सांगत नाही.

ग्रंथ सोपा नाही. धर्म मुळात कसा उद्भवला याविषयी त्या काळच्या युरोपीय विद्वानांनी मांडलेल्या उपपत्तींची चर्चा करून तो इंडो-युरोपीय काळाकडे वळतो, तेथून इंडो-इराणी काळात येतो आणि मग ऋग्वेदातील देवतांकडे व नंतरच्या वैदिक वाङ्मयाकडे जातो. शैली रुक्ष आहे, लेखक स्वतः कोठे डोकावत नाही, आणि आज भाषाशास्त्र व पुरातत्त्व इतके पुढे गेले आहे की त्यातील बराच भाग जुना झाला आहे. हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. वेद हे अनादी आणि अपौरुषेय न मानता माणसांच्या इतिहासात हळूहळू घडत गेलेल्या धर्मविचाराचे वाङ्मय म्हणून ते त्याने वाचले.

आम्ही गुरुविद्यालयात शिकत होतो तेव्हा पवित्र शास्त्राच्या ऐतिहासिक चिकित्सेविषयी शिकवताना आमचे प्राध्यापक पोप बारावे पायस यांच्या १९४३ सालच्या परिपत्रकाचा आधार देत. त्याआधी कॅथलिक अभ्यासकाला या वाटेने जाताना दहादा मागे पाहावे लागे. वऱ्हाडातील एक तरुण आपल्या परंपरेच्या मूळ ग्रंथांबाबत हेच काम १९२० ते १९२६ या काळात करत होता, हे वाचून मला त्याच्याविषयी एक प्रकारचा बंधुभाव वाटला. स्वतःच्या श्रद्धेचे ग्रंथ चिकित्सेच्या प्रकाशात धरताना हात कसा कापतो, हे मला ठाऊक आहे.

शिवाय तो तरुण कुणबी-मराठा शेतकऱ्याचा मुलगा होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटले होते. प्रत्यक्ष शाहू छत्रपतींनाही वेदमंत्रांचा अधिकार नाही, असे सांगितले गेले होते. त्यानंतर अवघ्या पाव शतकात पापळचा मुलगा संस्कृतात वेद वाचून त्यांवर प्रबंध लिहितो. पुढे अंबाबाईच्या मंदिराचे दार उघडण्यासाठी तो उभा राहिला, हे सर्वांना माहीत आहे. वेदांच्या गाभाऱ्यात तो त्याआधीच जाऊन आला होता. हा ग्रंथ त्याच्या सार्वजनिक आयुष्याचा पाया आहे आणि पुढील घटनांचा अर्थ लावण्याची किल्लीही. त्याला पदव्यांच्या यादीत टाकून देणे ही मला आपल्या चरित्रकारांची सर्वांत मोठी चूक वाटते.

५

ही किल्ली हाती घेऊन १९२७ ते १९३३ ही वर्षे पाहावीत.

परतल्यावर लवकरच भाऊसाहेबांनी अमरावतीत वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत. त्याचे नाव श्रद्धानंद छात्रालय. स्वामी श्रद्धानंद हे आर्य समाजाचे पुढारी, कांगडीच्या गुरुकुलाचे संस्थापक, अस्पृश्यतानिवारणाचे कळकळीचे पुरस्कर्ते आणि त्याचबरोबर शुद्धी चळवळीचे अग्रणी. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. वसतिगृहाला हे नाव देण्यात एक भूमिका आहे. हिंदू समाजाने आपल्या घरातील अन्याय दूर करावा, आपल्याच माणसांना बाहेर ठेवू नये, आणि जे बाहेर गेले त्यांनाही परत बोलवावे, असा विचार त्या नावामागे उभा आहे. चरित्रे वसतिगृहाचे कौतुक करतात. नावापाशी ती थांबत नाहीत.

१९२७ साली मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू वेगळ्या जातीची. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत अस्पृश्यांची वऱ्हाड प्रांतिक परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. भाऊसाहेब या सत्याग्रहाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या, आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी करवाढ करण्याचे धैर्य दाखवले. १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचे विधेयक मांडले. देवळांच्या उत्पन्नावर समाजाची देखरेख असावी आणि ते लोकोपयोगी कामी लागावे, हा त्याचा आशय. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला.

या विधेयकाविषयी वाचताना मी स्वतःला एक प्रश्न विचारला. आमच्या धर्मग्रामाचे उत्पन्न, दानपेटी आणि जमीन यांचा हिशेब अशाच कठोरपणे कोणी आतल्याच माणसाने मागितला असता, तर मी त्याला काय म्हटले असते? उत्तर फारसे सुखद नव्हते. म्हणून त्या काळच्या सनातन्यांवर तुटून पडण्याचा उत्साह मला दाखवता येत नाही.

याच काळात ती निवड येते, जिच्याविषयी गौरवग्रंथ गप्प असतात. १९३० च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडाने मिठाचा कायदा मोडला. जुलैमध्ये पुसदला लोकनायक अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. वऱ्हाडातील पुढारी आणि कार्यकर्ते तुरुंगात जात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस भाऊसाहेबांनी इंग्रजी राजवटीतील प्रांतिक मंत्रिपद स्वीकारले. शिक्षण, शेती, सहकार ही खाती हिंदी मंत्र्यांकडे होती, तिजोरीची मुख्य चावी मात्र गव्हर्नरांकडे.

आज आपण त्यांना सरसकट 'स्वातंत्र्यसेनानी' म्हणतो आणि हा पेच झाकून टाकतो. झाकण्याचे कारण काय? बहुजन समाजातील अनेक विचारवंतांना त्या काळी प्रामाणिकपणे वाटत होते की, शिक्षणाविना आलेले स्वराज्य मूठभरांचेच राहील. म्हणून जे अधिकार आज मिळत आहेत ते घ्यावेत आणि शाळा काढाव्यात. तुरुंगात गेलेल्यांना वाटत होते की, परक्याच्या खुर्चीत बसून मिळालेली शाळाही परक्याचीच. दोन्ही बाजूंना वजन आहे. पुसदच्या जंगलात गवत कापणारा आणि नागपूरच्या कौन्सिलात विधेयक मांडणारा, दोघेही याच मातीतले. माझे मत विचाराल तर, भाऊसाहेबांची निवड समजण्यासारखी आहे. तिची किंमतही त्यांनी मोजली असणार, कारण देशभक्तीचे माप त्या वर्षी तुरुंगवास हेच होते. पण ज्या चरित्रात हा ताण नाही त्यात १९३० हे वर्षच नाही.

६

आता ज्या पानांनी मला अनेक दिवस अस्वस्थ ठेवले त्यांकडे येतो.

ऑगस्ट १९४९. संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चालू आहे. फाळणीला दोन वर्षे होत आहेत. निर्वासितांच्या छावण्या अजून उठलेल्या नाहीत. अमरावतीतही सिंधी कुटुंबे येऊन नव्याने चूल मांडत आहेत. भाऊसाहेबांना मसुदा पसंत नाही. केवळ या भूमीवर जन्म झाला म्हणून नागरिकत्व द्यायचे, तर मुंबई बंदरातून जाता जाता एखादी परदेशी स्त्री प्रसूत झाली तरी तिचे मूल भारतीय ठरेल. असे नागरिकत्व फार स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप. तो आक्षेप कायदेपंडिताचा आहे आणि त्यात तथ्य आहे. पण त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीत आणखी एक भाग आहे. जी व्यक्ती धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि अन्य कोणत्याही राष्ट्राची नागरिक नाही, ती जगात कोठेही राहत असो, तिला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा. हिंदूंना आणि शिखांना पृथ्वीवर दुसरे घर नाही, हे त्यांचे समर्थन.

त्या यादीत आपण नाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले पारशी सभासद रुस्तम सिधवा यांनी तेथल्या तेथे हरकत घेतली. जमातींची नावे घालू नयेत. घातली तर इतरांना वगळल्यासारखे होईल. पारशी आणि ख्रिस्तीही पाकिस्तानात आहेत, त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. पंडित नेहरूंनी धर्माधिष्ठित नागरिकत्वाच्या कल्पनेला विरोध केला आणि ती दुरुस्ती फेटाळली गेली. त्याच सभागृहात मद्रासचे येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा सभासद होते. ज्या संविधानाने २५ ते ३० ही कलमे देऊन आपल्या उपासनेला आणि शाळांना संरक्षण दिले, ते संविधान घडवणाऱ्यांत फादर डिसोझा आणि भाऊसाहेब दोघेही होते.

हे प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा मनात राग आला, हे कबूल करतो. आणखी एक कबुली द्यायची आहे. त्यानंतर काही दिवसांनी एका संस्थेने मला जयंतीच्या कार्यक्रमास पाहुणा म्हणून बोलावले. मी गेलो आणि त्या मुलीच्या वहीतील यादीच थोड्या अलंकारिक भाषेत सांगून आलो. टाळ्या मिळाल्या. १९४९ विषयी मी एक अक्षर काढले नाही. सभेचा मान राखला, असे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हटले. खरे कारण भीती हेच होते. गौरवगाथा कशा लिहिल्या जातात हे मला त्या दिवशी आतून कळले. त्या खोटेपणातून क्वचितच लिहिल्या जातात. बहुतेकदा सभ्यतेतून आणि भीतीतून लिहिल्या जातात.

राग ओसरल्यावर मी सारी पाने पुन्हा एका क्रमाने लावली. वेदांवरील प्रबंध, श्रद्धानंद छात्रालय, अंबाबाईचे दार, देवस्थान विधेयक आणि नागरिकत्वाची दुरुस्ती. मग जाणवले की, या पाचही ठिकाणी एकच माणूस बोलतो आहे. आपला समाज हे एक घर आहे, अशी त्याची धारणा आहे. त्या घरातील ज्यांना ओसरीवरच अडवले गेले त्यांना आत घ्यावे, घराचा पैसा घरातल्या मुलांच्या शिक्षणाला लावावा, घराचे जुने दस्तऐवज न घाबरता वाचावेत, आणि घरातले कोणी परमुलखात संकटात सापडले तर त्याला परत येण्याचा हक्क असावा. त्यांच्या सुधारणेचे सामर्थ्य या आपलेपणात आहे. त्यांची मर्यादाही त्याच आपलेपणात आहे, कारण घर म्हटले की भिंत आली, आणि १९४९ च्या ऑगस्टात आपण त्या भिंतीच्या पलीकडे पडलो. ज्या चरित्रांनी ही दुरुस्ती गाळली त्यांनी भाऊसाहेबांचा बचाव केला, असे मला वाटत नाही. त्यांनी त्यांच्या आयुष्याचा धागाच तोडला.

२०१९ साली नागरिकत्वाच्या कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांच्या यादीत हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी यांच्याबरोबर ख्रिस्ती हेही नाव आले, मुसलमानांचे आले नाही. आपल्यातील काहींना त्या वेळी हायसे वाटले. सिधवांचे भाषण वाचल्यावर मला तसे वाटू शकले नाही. नाव यादीत आले की नाही, याहून यादी का असावी हाच त्यांचा प्रश्न होता.

७

आता भाऊसाहेबांचेच दुसरे दस्तऐवज याच मापाने वाचले पाहिजेत, नाहीतर तीही एकांगी टीका होईल. त्यांच्या शाळा-महाविद्यालयांची दारे धर्म विचारून उघडली गेली नाहीत. अमरावती-अकोल्याकडील धर्मग्रामांतील कितीतरी मुले त्यांच्या संस्थेच्या वर्गांत शिकली, कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी शेतकी पदवीधर. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. खेड्यातल्या मुलाने मॅट्रिकच्या पुढे जावे यासाठीची वाट भाऊसाहेबांनी त्याच्या दोन तपे आधी पाडायला घेतली होती. संविधान सभेत मागासलेल्या वर्गांच्या हक्कांसाठी त्यांनी सतत धरलेला आग्रहही त्याच कोटीतला. तेथे त्यांचे 'घर' बरेच मोठे झालेले दिसते. एका माणसात दोन मापे असू शकतात. माझ्यातही आहेत.

अकोल्याविषयी एक शब्द. विदर्भाला कृषी विद्यापीठ मिळावे म्हणून १९६७ साली आंदोलन पेटले, त्यात माणसांनी प्राण गमावले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात भाऊसाहेबांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. त्यांच्या मागे उभे राहिलेले हे त्यांचे सर्वांत मोठे स्मारक. आणि त्याच विद्यापीठाच्या परिसरातील जिल्हे गेली अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशाला ठाऊक झाले. २००६ साली पंतप्रधानांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास योजना जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. याचा दोष १९६५ साली निधन पावलेल्या माणसाला देणे अन्यायाचे होईल. पण कर्ज लवादाचा कायदा करणाऱ्या माणसाची जयंती कर्जाचा शब्दही न काढता साजरी होत असेल, तर आपण नेमके कोणाचे स्मरण करतो, हे विचारलेच पाहिजे. माझ्या हातून अशा घरांतील अंत्यविधी झाले आहेत. तेथे जमलेल्या माणसांना 'कृषिमहर्षी' या शब्दाने काही मिळत नाही. गहाण जमिनीवर शिकलेल्या मुलाची हकिकत मात्र त्यांना आपली वाटेल.

म्हणून भाऊसाहेबांच्या नव्या चरित्रकाराकडून माझ्या अपेक्षा थोड्या आहेत. त्याने उपाध्या बाजूला ठेवाव्यात. प्रबंध वाचावा. १९३० आणि १९४९ ही वर्षे टाळू नयेत. आणि सैतानाच्या वकिलाला एक खुर्ची द्यावी. त्याचे सारे आक्षेप ऐकल्यावरही भाऊसाहेब मोठेच राहतात, याची मला खात्री आहे.

ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. मागे नाताळात भेटली तेव्हा तिच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले. १९४९ ची सारी हकिकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "फादर, हे मी माझ्या पोरांना सांगू का?" मी क्षणभर थांबलो, तो जयंतीचा कार्यक्रम आठवला, आणि म्हटले, "सांग. पण अंबाबाईचं दार आधी सांग, मग हे सांग. दोन्ही सांग."